पाखराचे दात

इवा झोपायची ती आजीच्या गळ्यावर. आईने गायला सुरुवात केली की तिचे डोळे टक्क उघडे.

वसईजवळच्या निर्मळच्या तळ्यापलीकडे केळीच्या वाड्या एकमेकींना खेटून उभ्या आहेत. त्यातल्याच एका वाडीत हे घर, आणि घराच्या ओटीवर लोखंडी कड्यांना टांगलेला पाळणा. दुपारी जेवणं उरकली, कोंबड्या सावलीला गेल्या, की इवाची आजी थेरेसा पाळण्याजवळ पाट ओढून बसायची. दोरी पायाच्या अंगठ्यात अडकवायची, मांडीवर मोगऱ्याच्या कळ्यांचं सूप घ्यायची. हात कळ्या निवडत, पाय पाळणा हलवी आणि तोंडाने गाणं सुरू होई. विहिरीवरची मोटर लांबून सूर धरी. केळीच्या पानांतून उतरलेलं हिरवं ऊन ओटीवर पाण्यासारखं हलत राही, आणि त्या पाण्यावर पाळणा होडीसारखा जाई, येई.

नीज गो बाय, नीज गो बाय,
दर्या निजला, तू जागी काय?

गलबत आलं गो, गलबत आलं,
दर्यापल्याडचं पाखरू आलं.

पाखराच्या पायात घातला वाळा,
वाळा लोखंडी, रंग काळा.

पाखरू बसवलं बाजाराच्या दारी,
दात मोजती व्यापारी.

पाखरू आणलं मोठ्या घरी,
मोठ्या घरचं बाळ मांडीवरी.

पाखरू मोठ्या घरी पोचेपोचेतो इवाच्या पापण्या जड होत. थेरेसा तिथेच थांबे. पुढे काही असेल की नाही, हे तिने कधी कोणाला विचारलं नव्हतं. पोर निजलं की गाणं बंद, हा या घरातल्या बायकांचा शिरस्ता. निजलेल्याला गायलं तर गाणं स्वप्नात उतरतं आणि मग पोर दचकतं, असं तिच्या सासूने तिला सांगितलं होतं, आणि तिने सुनेला, विनयाला.

विनया चंदनसारची. आईवडील साताऱ्याकडून येऊन तिथल्या इमारतीत स्थिरावलेले, दोघेही नोकरीवाले. विनयाला लहानपणी निजवलं ते रेडिओने. त्यामुळे तिच्याकडे स्वतःची अशी एकही अंगाई नव्हती. थेरेसाच्या मुलाशी, स्टीवनशी लग्न करून ती या वाडीत आली तेव्हा घराने तिला केळीचा घड उतरवायला शिकवलं, फुलं खुडायला शिकवलं, सासूला मम्मी म्हणायला शिकवलं. गाणं मात्र शिकवायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही. आता बाळंतपणाची रजा आणि दिवाळीची सुट्टी संपली की तिचं कॉलेज सुरू होणार होतं. सकाळी जायचं, दिवेलागणीला यायचं. इवा आजीजवळ सुखात राहील, याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती, आणि नेमकं तेच तिला बोचत होतं. एकदा, निदान एकदा तरी पोरीने आपल्या आवाजावर डोळे मिटावेत. नाहीतर संध्याकाळी येऊन खेळवून जाणारी कोणी पाहुणी, तशी आपण होऊ, असं तिला वाटे. हे तिने स्टीवनलासुद्धा सांगितलं नव्हतं.

मग तिने गाणं पाठ केलं. विनया कॉलेजात मराठी शिकवायची. यमक, अनुप्रास, ओवी, अभंग हे तिचं रोजचं. गाणं हातात आलं तसं तिने ते बोटांवर मोजलं. यमकं चोख होती. ‘गलबत आलं गो, गलबत आलं’ ही पुनरुक्ती तर पाळण्याच्या फेऱ्यासारखीच, गेली तशी परत येणारी. पण दोन ठिकाणी तिला ओळ लंगडताना दिसली. ‘वाळा लोखंडी, रंग काळा.’ ‘दात मोजती व्यापारी.’ बाकीच्या ओळींच्या मानाने या दोन आखूड. तोंडोतोंडी येताना शब्द गळले असतील, असं समजून तिने ते भरून काढले. रंग त्याचा काळा. दात मोजून घेती सारे व्यापारी. आता गाणं कसं नीट नांदत होतं.

दुसऱ्या दुपारी तिने दोरी हातात घेतली. थेरेसा उंबऱ्यावर बसून ऐकत होती. इवा पाळण्यातून आईकडे बघत राहिली, पाखरू आलं तरी बघत राहिली, मोठं घर आलं तरी बघत राहिली, आणि मग ओठ काढून रडायला लागली.

“तू गातेस का हजेरी घेतेस गो?” थेरेसा हसून म्हणाली.

“सगळं बरोबर गायले, मम्मी.”

“तेच तर. कॉलेजात चाळीस-पन्नास पोरं झोपवतेस म्हणे एका तासाला. इथे एक झोपेना?”

विनयालाही हसू आलं, पण ते ओठांपर्यंतच. थेरेसाने दोरी घेतली. विनया खांबाला टेकून ऐकू लागली. हिरवं ऊन, मोगऱ्याचा वास, मोटरचा सूर. तिचे स्वतःचेच डोळे मिटत आले. त्या गुंगीत तिला जाणवलं की ‘रंग काळा’ म्हटल्यावर सासू किंचित थांबते. शब्द संपलेला, पाळणा अजून परत यायचा असतो, कडी वर कुरकुरते आणि मगच पुढची ओळ. ‘व्यापारी’ म्हटल्यावरही तसंच. गळलेलं तिथे काहीच नव्हतं. श्वास अडकला होता. ओळ जिथे आखूड व्हायची तिथे काहीतरी दुखत होतं.

काय दुखत असेल? अर्धवट झोपेत तिच्या मिटल्या डोळ्यांपुढे ते पाखरू आलं. काळा वाळा घातलेलं, बाजाराच्या दारी बसवलेलं. व्यापारी जवळ आले, त्यांनी त्याची चोच उघडली आणि आत पांढरे शुभ्र दात होते, माणसाचे.

ती ताडकन जागी झाली.

“मम्मी, पाखराला दात कुठले?”

“हळू. निजली आत्ता.” थेरेसा सुपातल्या कळ्या झोळीत ओतत होती. “गाण्यातलं पाखरू ते. असतात त्याला दात. आमची पोरं या ओळीला हसायची. स्टीवन तर तोंड उघडून दाखवायचा.”

आपण गप्प राहायला हवं होतं, असं विनयाला पुढे पुष्कळदा वाटलं. पण कवितेचा अर्थ लागला आणि तो सांगितला नाही, असं तिच्याकडून कधी झालंच नव्हतं. रात्रीच्या जेवणाला ती बोलली. फिरंग्यांच्या अमलात वसईच्या धक्क्याला जहाजातून माणसं यायची, विकायला. विकत घेणारा आधी दात बघायचा, बैलाचे बघतात तसे. गाण्यातलं पाखरू म्हणजे अशी आणलेली बाई. वाळा म्हणजे पायातली बेडी. तिला मोठ्या घरी मालकाचं मूल सांभाळायला ठेवलं. गाणं तिचंच.

स्टीवनचा घास हातातच राहिला. “म्हणजे मी लहानपणी तोंड उघडून दाखवायचो ते...”

“हो.”

थेरेसा ताटातल्या भातात बोटं फिरवत राहिली. मग हळूच म्हणाली, “माझ्या सासूने गायलं, तिच्या सासूने गायलं. कोणाला माहीत नव्हतं गो. एवढी वर्षं आम्ही काय बेडीवर पोरं निजवली?”

“तसं नाही, मम्मी. तुमचा काय दोष?”

“आणि मोठं घर कोणाचं? आपल्यात कोणाचं मोठं घर नव्हतं. मग हे गाणं आपल्याकडे आलं कसं?”

विनया ताटं उचलायला लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी थेरेसाने पाट ओढला, दोरी अंगठ्यात घेतली, सूप मांडीवर घेतलं. नीज गो बाय म्हणाली. गलबत आलं म्हणाली. पुढे तिचा आवाज उमटेना. तिने खाकरून पाहिलं, पाणी पिऊन पाहिलं. दुसरंच काहीतरी गावं म्हणून चर्चमधलं एक गीत घेतलं. इवाने ते एक कडवंभर ऐकून घेतलं आणि जो टाहो फोडला तो ऐकून शेजारच्या वाडीतलं कुत्रं भुंकायला लागलं.

“ओठांवर येतच नाही,” थेरेसा म्हणाली. “दात दिसतात.”

त्या दुपारपासून इवा कोणाच्याच गळ्यावर झोपेना. खांद्यावर घेऊन फेऱ्या घालाव्यात तर दमून क्षणभर डोळे मिटायची, पाळण्यात ठेवली की जागी. तिचे डोळे लाल झाले, गाल उतरले. थेरेसाचा चेहराही उतरला. सासू-सुना आळीपाळीने पोर घेऊन ओटीवर येरझाऱ्या घालत, एकमेकींशी कामापुरतं बोलत. स्टीवन कामावर जाताना बायकोच्या कानात म्हणाला, “गाण्याचं पोस्टमॉर्टेम केलंस आणि घरातली झोप गेली बघ.” तो चेष्टेनेच म्हणाला होता. विनया मात्र न्हाणीत जाऊन रडली. आपल्या गळ्यात पोरीची झोप यावी म्हणून निघालो, आणि आजीच्या गळ्यात होती तीही आपण काढून घेतली.

आग्नेलकाका केळीची पानं द्यायला आले ते याच रडारडीत. ते थेरेसाचे धाकटे दीर. बाजूच्याच वाडीत त्यांची केळी आणि सोनचाफा. पानांची जुडी ओटीवर टाकून त्यांनी इवाकडे कौतुकाने पाहिलं.

“वा! माझ्यावर गेली. जागण्यात मला कोणी मागे टाकणारं या घरात जन्मलं नव्हतं आजवर.”

“काका, मस्करी नका करू,” विनया म्हणाली. “मम्मी गात नाहीत, मी गाते तर ती झोपत नाही.”

“वहिनी का गात नाही?”

थेरेसाने कोपऱ्याकडे तोंड केलं. विनयाने थोडक्यात सांगितलं. काका ऐकता ऐकता खाली बसले. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

“मला गाण्यातलं काही कळत नाही,” ते म्हणाले. “पण रिटा मला सारखी बोल लावते. म्हणते, तू मेल्या निजायचा नाहीस, म्हणून आईला सगळं गाणं गावं लागायचं, आणि मला सगळं ऐकावं लागायचं.”

“सगळं म्हणजे?”

“म्हणजे पुढचं. तुमचं पोर मोठ्या घरी निजतं. मी नाही निजायचो. मग आई पुढे गायची.”

थेरेसाने मान वळवली. “पुढे आहे?”

“मला काय ठाऊक? मी पाळण्यात होतो. रिटा बाजूला चटईवर असायची.”

विनयाने इवाला दुपट्यात गुंडाळलं आणि चपला पायात सरकवल्या. थेरेसा मागोमाग निघाली. वाडीतल्या पाण्याच्या पाटाच्या कडेने रिटाआत्याच्या घराकडे वाट होती. दोन्हीकडून केळीची पानं खाली वाकलेली, त्यांच्या कडा वाऱ्याने चिरलेल्या, आणि त्या झालरींतून दुपार वेगवेगळ्या हिरव्या रंगांनी गळत होती. ओल्या मातीवर पावलांचा आवाज होत नव्हता. इवा रडता रडता गप्प झाली आणि वर बघत राहिली. विनयाला वाटलं, आपण चालत नाही आहोत, ही वाटच आपल्याला उचलून कुठेतरी नेते आहे.

रिटाआत्या, काकांची थोरली बहीण, पडवीत अबोलीच्या वेण्या गुंफत बसली होती. लग्न न केलेली, जिभेने तिखट, मानेने जरा वाकलेली.

“या. आज दोघी दोघी? घर कोणाच्या भरवशावर टाकलं?” तिने इवाला हातात घेतलं, डोळ्यांत पाहिलं. “ही तर आग्नेलच. तेच भुताचे डोळे.”

“रिटाबाय,” थेरेसा म्हणाली, “पाखराचं गाणं तुला पुढचं येतं?”

रिटाआत्याचे हात थांबले. “कोणी सांगितलं?”

“काकांनी,” विनया म्हणाली.

“त्याला दुसरं काय काम?” तिने अर्धी वेणी खाली ठेवली. “आई म्हणायची, हे जाणत्या पोरांनी ऐकायचं नाही. मी ऐकलं, कारण मी निजल्याचं सोंग घ्यायची. त्यामुळे कधी कोणाला बोलले नाही.”

“आत्या, मला ऐकवाल?”

“तू कशाला? लिहून छापणार?”

“नाही. इवाला झोपवायची आहे.”

हे ऐकून रिटाआत्याने इवाला आडवी मांडीवर घेतली, गुडघा हलवायला लागली आणि गाणं पहिल्यापासून धरलं. तिचा आवाज बारीक, थोडा फाटका. तिने एक ओळ म्हटली आणि थेरेसाकडे हनुवटी केली. रिटाआत्याने ओळ परत म्हटली, पुन्हा हनुवटी केली.

“उचल ना गो. आईबरोबर आजी असायची. एकीने म्हणायची, दुसरीने उचलायची. एकटीने गायचं गाणं नाही ते.”

थेरेसाने दबल्या गळ्याने ओळ उचलली. दर्या निजला, तू जागी काय? मग गलबत आलं, दोनदा आलं. वाळा दोनदा घातला गेला. दातांच्या ओळीला थेरेसाचा आवाज चिरकला, पण तिने ती ओलांडली. पाखरू मोठ्या घरी आलं. इवाच्या पापण्या कधी मिटल्या ते कोणी पाहिलंच नाही.

रिटाआत्याचा गुडघा थांबला. आवाज उतरला, नुसता बोलल्यासारखा.

निजलीस का गो? निजली.
आता कोणी ऐकत नाही.
गलबतावर माझीपण एक होती.
तिच्या वाटचं दूध तुझ्या तोंडात आहे.
तुझा राग नाही गो, तू काय केलंस?
पण तिला कोणी निजवलं असेल?

थेरेसा ओळ उचलायला पुढे झाली तसा रिटाआत्याने हात वर केला. “नाही. इथे कोणी उचलायचं नसतं. आजीपण गप्प बसायची. त्या बाईजवळ होतं कोण उचलायला?”

वेणीतल्या अबोलीवर एक मधमाशी उतरली, फिरली, उडून गेली.

विनयाला आपण वर्गात हजारदा सांगितलेलं आठवलं, की यमक म्हणजे कानाला दिलेलं वचन, ओळ संपताना ते पाळायचं. इथे मोठ्या घरापर्यंत प्रत्येक वचन पाळलं होतं. घरी-मांडीवरी, दारी-व्यापारी, अगदी बेडीलासुद्धा काळ्या रंगाचं यमक. ती सगळी यमकं मालकाच्या लेकरासाठी होती. ते झोपावं, घर शांत व्हावं, कोणी ओरडू नये, यासाठी. तेवढं काम झालं की त्या बाईने यमक टाकलं, ठेका टाकला, दोरीसुद्धा सोडली. पुढच्या सहा ओळी तेवढ्या तिच्या एकटीच्या. गाता गाता तिला कळत असेल का, की हे ऐकायला कधीच कोणी जागं असणार नाही? की कळत होतं म्हणूनच ती बोलू शकली?

हे सगळं तिने मोठ्याने म्हटलं नाही. या खेपेला अर्थ तिच्या ओठांवर आलाच नाही. बोलली ती थेरेसा.

“म्हणजे पोर निजलं की आपण गप्प व्हायचो,” ती म्हणाली, “आणि तिचं बोलायचं तिथेच सुरू व्हायचं. मी स्टीवनला निजवलं, इवाला निजवलं. रोज तिला दारात आणून सोडलं आणि दार लावून घेतलं.”

“तुला माहीत नव्हतं,” रिटाआत्या म्हणाली. “मला होतं.”

मग तिने अर्धी वेणी पुन्हा हातात घेतली, आणि सासू-सुना इवा जागी होईपर्यंत तिथेच बसून राहिल्या.

दिवाळीला थोडेच दिवस उरले होते. एका दुपारी थेरेसाने पाट नेहमीच्या जागी ओढला आणि त्यावर स्वतः न बसता विनयाला हाताने खुणावलं. आपण पाळण्याच्या पलीकडच्या बाजूला, भिंतीला पाठ लावून बसली. कळ्यांचं सूप तिने आज आणलंच नव्हतं.

विनयाने दोरी घेतली. अंगठ्यात अडकवायला जमेना, म्हणून हातातच धरली. तिने भरलेले शब्द काढून टाकले. वाळा लोखंडी, रंग काळा, एवढंच म्हणून ती थांबली. पाळणा दूर गेला होता, तो परत येईतो मधे जी जागा राहिली तिथे तिचा स्वतःचा श्वास अडकला आणि सुटला. तिने तो अडकू दिला. पलीकडून थेरेसाने ओळ उचलली. दोघींचे आवाज जुळत नव्हते. एक चंदनसारचा, पुस्तकात वाढलेला. दुसरा वाडीतला, मातीने जड झालेला. ओळ एकीकडून जाई, दुसरीकडून येई, आणि इवा या दोन आवाजांच्या मधे झुलत राहिली. तिने एकदा आजीकडे पाहिलं. मग मान वळवून आईकडे पाहिलं आणि बघता बघता तिची नजर सैल झाली. ऊन हललं, मोटर बंद पडली, पानं थांबली. पाखरू बाजारातून निघालं. मोठ्या घरी पोचलं.

मोठ्या घरचं बाळ मांडीवरी.

इवा निजली होती. आईच्या गळ्यावर, आईकडे तोंड करून, एक मूठ गालाखाली घेऊन.

हीच ती घटका, जिच्यासाठी विनया इतके दिवस तळमळत होती. तिला वाटलं होतं, असं झालं की आपण धावत जाऊन स्टीवनला फोन करू. पण ती जागची हलली नाही. दोरी तिने सोडून दिली. पाळणा आपोआप लहान लहान होत गेला आणि स्थिरावला.

“निजलीस का गो?” ती गायली. “निजली.”

आवाज इतका खाली गेला होता की तो गाण्याचा होता की श्वासाचा, हे सांगता आलं नसतं. गलबतावरची मुलगी आली. दूध आलं. तुझा राग नाही गो, तू काय केलंस, हे म्हणताना तिने इवाच्या पायांकडे पाहिलं, त्या इवल्या, उघड्या पायांकडे, आणि शेवटची ओळ तिच्या तोंडून विचारल्यासारखी बाहेर पडली.

“पण तिला कोणी निजवलं असेल?”

इथे गप्प बसायचं असतं, हे दोघींनाही माहीत होतं. विनया गप्प झाली. बऱ्याच वेळाने पलीकडच्या भिंतीपासून थेरेसाचा आवाज आला, जड, हळू, प्रत्येक शब्द जपून ठेवल्यासारखा.

“तिला कोणी निजवलं असेल?”

तिने ओळ उचलली होती.

विनयाने वर पाहिलं. सासू डोळे मिटून बसली होती, आणि तिचा एक हात पाळण्याच्या कडेवर होता. विनयाने दुसऱ्या बाजूने आपला हात ठेवला. पाळणा त्यांनी हलवला नाही, नुसता धरून ठेवला.

इवा दचकली नाही. मंद श्वास घेत ती निजून राहिली.